कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला बोलायला कधी शिकवलं? थोडी मागची गोष्ट

सीपीआरच्या, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे या सरकारी दवाखान्याच्या, अपघात विभागात (कॅज्युअल्टीत) एका पेशंटमागं दहा-पंधरा माणसं येतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. गगनबावडा, शाहूवाडी, पार सिंधुदुर्ग, इकडं निपाणीकडनंही गाडी येते, आणि आत ड्युटीवरच्या डॉक्टरला रक्तस्राव थांबवणं, सिटी स्कॅन, एमएलसीचे म्हणजे पोलीस केसचे कागद हे सगळं करता करता बाहेरच्यांना 'काय झालंय' हे पण सांगायचं असतं. श्वासनळीत ट्यूब घालायला त्याला शिकवतात, तपासतात, चुकला तर परत करायला लावतात. बोलायच्या बाबतीत हे फार उशिरा सुरू झालं आणि जे सुरू झालं ते कॅज्युअल्टी डोळ्यापुढं ठेवून झालंच नाही, माझ्या मते खरी गोम इथं आहे.

सुरुवात १९६३ ची, लॉस एंजेलिसची. हॉवर्ड बॅरोज नावाचे न्यूरॉलॉजिस्ट होते, त्यांनी चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला पेशंटचं काम करायला शिकवलं, मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झालाय, पाय चालत नाहीत असं. विद्यार्थ्यानं तिला तपासायचं आणि तो आपल्याशी कसा वागला ते नंतर तिनं सांगायचं. तेव्हा पेपरात टिंगल झाली, बरोबरच्या डॉक्टरांनाही ते पटलं नाही. पण कल्पना टिकली. मग १९७५ ला स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन यांनी ऑस्की परीक्षा आणली, म्हणजे वेगवेगळी स्टेशन, घंटा वाजली की पुढं सरकायचं, सगळ्यांना तेच काम आणि तीच चेकलिस्ट. त्यामुळं एका परीक्षकाच्या मर्जीवर निकाल लटकणं कमी झालं, आणि पेशंटशी बोलणं हे पण एक स्टेशन होऊ शकतं हे लोकांच्या लक्षात आलं.

पुढं १९९६ ला पेशंटशी कसं बोलायचं ते पायरीपायरीनं सांगणारं कॅल्गरी-केंब्रिज गाईड आलं, १९९९ ला अमेरिकेनं रेसिडेंट डॉक्टरांच्या सहा मुख्य क्षमतांमध्ये संवाद घातला, २००० ला वाईट बातमी कशी सांगायची याची स्पाइक्स नावाची पद्धत आली. चांगल्याच गोष्टी आहेत. पण स्पाइक्स कॅन्सरच्या डॉक्टरांची, म्हणजे पेशंट ओळखीचा, अपॉइंटमेंट ठरलेली, दार लावता येईल अशी खोली, बसायला खुर्ची. कॅज्युअल्टीत यातलं काय असतं सांगा? डॉक्टरनं त्या माणसाला दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा बघितलेलं असतं, आणि नातेवाईकांना तर डॉक्टरचं नाव पण माहीत नसतं.

अमेरिकेत इमर्जन्सी मेडिसिनला, म्हणजे कॅज्युअल्टीतल्या उपचारांच्या शास्त्राला, वेगळी शाखा म्हणून मान्यता मिळाली १९७९ ला, पण तिथल्या बोलण्याचा नीट अभ्यास व्हायला २००० नंतरचा काळ उजाडला. २००४ च्या एका अभ्यासात दिसलं की पेशंट आपली तक्रार सांगायला लागला की डॉक्टर सरासरी १२ सेकंदांत मधे बोलतो. २००९ च्या दुसऱ्या अभ्यासात घरी सोडलेल्या पेशंटपैकी ७८ टक्क्यांना निदान, उपचार किंवा घरी घ्यायची काळजी यातलं काहीतरी नीट समजलेलं नव्हतं, आणि आपल्याला समजलं नाही हे बहुतेकांना कळलंही नव्हतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते २००५ चं काम. चेरी हॉबगुड या अमेरिकन डॉक्टरनी खास इमर्जन्सीतला मृत्यू नातेवाईकांना कसा सांगायचा त्याच्या पायऱ्या बांधल्या. सगळ्यांना एकत्र करा, मदतीला कुणाला तरी बोलवा, आपण कोण ते सांगा, पेशंटचं नाव सांगा, काय काय घडलं ते थोडक्यात सांगा, आणि मग 'मृत्यू झाला' हेच शब्द वापरा, आडवळण नको. त्यानंतरची पायरी म्हणजे गप्प राहायचं. ही शांतता त्यांनी पद्धतीतच घातली, इतर पायऱ्यांसारखीच. मग प्रश्न विचारू द्यायचे आणि पुढच्या व्यवहाराचं सांगायचं. आपल्याकडं ते म्हणजे पंचनामा, पोस्टमॉर्टेम, बॉडी कधी ताब्यात मिळणार. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही म्हणून पाराही तिथंच चढतो.

आता आपलं बघूया. आपल्याकडं कॅज्युअल्टी म्हणजे वर्षानुवर्षं सीएमओ (कॅज्युअल्टीचा ड्युटी डॉक्टर) आणि इंटर्न, एमसीआयनं म्हणजे तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं इमर्जन्सी मेडिसिनला मान्यताच २००९ ला दिली. २०१० ला महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा झाला, ३ वर्षांपर्यंत कैदेचा. २०१७ ला धुळ्यात डोक्याला मार लागलेल्या पेशंटला न्यूरोसर्जन नाही म्हणून दुसरीकडं न्यायला सांगितलं आणि बरोबरच्या लोकांनी निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली, राज्यभरातले निवासी डॉक्टर कामावरनं बाजूला झाले. त्या मारहाणीला कसलंच समर्थन नाही आणि न्यूरोसर्जन नसणं हा त्या पोराचा दोषही नाही. पण कायदा २०१० चा आणि एमबीबीएसला संवाद शिकवणारं एटकॉम मॉड्यूल आलं २०१८ ला, लागू झालं २०१९ च्या बॅचपासून. म्हणजे पहिल्या वर्षापासून हे शिकलेली पहिली पोरं आत्ता कुठं डॉक्टर होऊन ड्युटीला लागलीत, त्यांच्या आधीच्यांनी जे काय शिकलं ते सीनियरच्या मागं उभं राहून.

डॉक्टरचं बोलणं परीक्षेत तपासण्याच्या बाबतीत जग अजून चाचपडतंयच. अमेरिकेत लायसन्ससाठीची जी परीक्षा नकली पेशंटवर घ्यायचे ती कोविडमध्ये थांबली आणि २०२१ ला कायमची बंद केली, कॅनडानं पण त्याच वर्षी आपली बंद केली. उलट अमेरिकन इमर्जन्सी बोर्डानं २०२६ पासूनच्या नव्या परीक्षेत अवघड संभाषणाच्या केसेस घातल्यात. पेशंटनंच मार्क द्यायची पद्धत २००७ ला आली, कॅट म्हणतात, १४ प्रश्न डॉक्टरबद्दल, आणि २००८ ला तिचं इमर्जन्सीतल्या पूर्ण टीमसाठी रूप केलं.

आपल्याकडं ही पद्धत आणायची तर फॉर्म पेशंटच्या हातात देऊन भागणार नाही, कारण आपल्या कॅज्युअल्टीत पेशंट बेशुद्ध असतो आणि बोलणं होतं ते त्याच्या भावाशी, चुलत्याशी, गावच्या सरपंचाशी. म्हणून परीक्षेच्या स्टेशनवर एक नाही, चार-पाच नातेवाईक उभे करा, त्यातला एखादा फक्त कानडी बोलणारा असू दे, एखादा 'आधी आमचं बघा' म्हणून आवाज चढवणारा, आणि अर्धे मार्क त्यांच्या हातात द्या.