सिंगल व्हिनयार्ड शार्दोने

सिंगल व्हिनयार्ड शार्दोने म्हणजे शार्दोने नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची अशी वाईन, जिची सगळी, निदान जवळपास सगळी द्राक्षं एकाच, स्वतःचं नाव असलेल्या बागेतून आलेली असतात, चार गावांतून गोळा करून एकत्र पिळलेली नसतात. नागपूरकडच्या माणसाला हे समजायला अजिबात जड नाही. काटोल, नरखेड, वरूड भागात संत्र्याची बाग बघायला गेलं की आधी जमीन विचारतात, मग पाणी, मग झाडाचं वय, मग खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधलं ते, जंबेरीचा आहे की रंगपूरचा, आणि एकाच शिवारातल्या दोन बागांचा आंबिया बहार चवीला सारखा निघत नाही हे इथं सगळेच जाणतात. फक्त आपल्याकडे संत्रा मंडीत उतरला की ढिगात बागेचं नाव संपतं, आणि वाईनमधे तेच नाव लेबलवर छापून पिढ्यानपिढ्या सांभाळलं जातं.

हे नाव छापायला काही देशांत कायदा आहे. अमेरिकेत लेबलवर बागेचं नाव टाकायचं तर किमान ९५ टक्के द्राक्षं त्या बागेची लागतात. पण बागेचं नाव आहे म्हणजे वाईन भारीच असणार असं मुळीच नाही, हे नीट लक्षात ठेवायला पाहिजे. १९७६ च्या पॅरिसच्या त्या गाजलेल्या ब्लाइंड टेस्टिंगमधे, म्हणजे लेबल झाकून केलेल्या चाखणीत, फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या नामांकित वाईन मागे टाकून जी कॅलिफोर्नियाची शार्दोने पहिली आली, शातो मॉन्टेलेनाची १९७३ ची, ती नापा आणि सोनोमातल्या वेगवेगळ्या बागांची द्राक्षं मिसळून केलेली होती. म्हणजे मिसळणं हा काही कमीपणा नाही. एका बागेची वाईन घ्यायची ती त्या जमिनीत त्या वर्षी नेमकं काय पिकलं ते चाखायला, आणि ते चाखण्यात जो आनंद आहे तो मला तरी दुसऱ्या कुठल्या पांढऱ्या वाईनमधे मिळत नाही.

शार्दोनेच का, तर या द्राक्षाला स्वतःचा जोरदार वास नाही, मस्कत द्राक्षासारखं ते ग्लासात शिरताच ओळख सांगत नाही, त्यामुळे बागेचा आणि करणाऱ्याच्या हाताचा, दोन्हींचा ठसा त्यावर साफ उमटतो. पिनो आणि गुए ब्लां या दोन जुन्या जातींच्या संकरातून ते आलं, हे १९९९ मधे डीएनए तपासणीतून कळलं. मूळ घर फ्रान्सचं बर्गंडी. तिथं एकेका वाफ्याला नाव देऊन त्याच्या हद्दी शतकानुशतकं जपल्यात, अशा १,२४७ वाफ्यांचा हा प्रदेश २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सगळ्यात नावाजलेला मोंराशे जेमतेम ८ हेक्टरचा, दोन गावांच्या शिवारात विभागलेला, आणि वारसाहक्काने वाटण्या होत होत त्याचे मालक डझनापेक्षा जास्त, म्हणून एकाच बागेच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या मालकाप्रमाणे वेगळ्या लागतात.

आता बागेकडे येऊ. शार्दोनेला चुनखडीची, पाणी निचरून जाणारी जमीन मानवते, बर्गंडीतल्याच शाब्लीची टेकडी तर समुद्री शिंपल्यांनी भरलेल्या जुन्या चुनखडीची आहे. आपल्याकडे जमिनीत चुना जास्त झाला की संत्र्याची पानं पिवळी पडतात, लोह उचललं जात नाही. द्राक्षालाही हा त्रास होतोच, म्हणून तिकडे चुना सोसणाऱ्या ४१ बी सारख्या खुंटावर कलम करतात. पण चुनखडीशिवाय जमतच नाही असंही नाही, न्यूझीलंडमधे ऑकलंडजवळ कुमेऊ रिव्हर या वाईन करणाऱ्यांची मेट्स व्हिनयार्ड ही १९९० मधे लावलेली बाग चिकणमातीची आहे आणि तिची शार्दोने जगात नाव कमावून आहे. एक गोष्ट इथंच सांगतो कारण लोक हमखास विचारून राहतात, मुळं दगडाची चव उचलून मण्यात नेत नाहीत. जमीन काम करते ती पाणी किती धरते, किती लवकर तापते, वेल किती जोमात वाढू देते यातून.

या वेलीचे डोळे लवकर फुटतात आणि तीच तिची मोठी अडचण, कारण फ्रान्समधे एप्रिलमधे दहिवर गोठलं तर कोवळी फूट एका रात्रीत जळते, २०२१ च्या एप्रिलमधे बर्गंडीत तसंच झालं. शाब्लीत अशा रात्री बागेत ओळीनं मोठ्या मेणबत्त्या पेटवतात, नाहीतर वेलींवर पाणी फवारतात, त्या पाण्याचं बर्फ होताना उष्णता बाहेर पडते आणि आतला कोंब वाचतो. आपल्या महाराष्ट्रात गोष्ट उलटी आहे. इथं वेल कधी झोपतच नाही, म्हणून एप्रिलमधे खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात आणि तोडणी जानेवारी ते मार्च. नाशिककडे पांढऱ्यात जास्त करून शेनिन ब्लां दिसते, शार्दोने थोडी, सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेली ही वाईन कंपनी ती करते. भुरी आणि डाऊनी या दोन रोगांवर लक्ष ठेवणं, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, काड्या मोजून ठेवणं, जास्तीचे घड काढून टाकणं, पानं विरळ करून घडाला हवा लागू देणं, हे सगळं एका बागेच्या वाईनसाठी जास्तच जपून करावं लागतं, कारण इथं वाईट घड दुसऱ्या बागेच्या मालात लपवता येत नाही.

तोडणीचा दिवस ठरवणं हे सगळ्यात अवघड. साखर वाढते तसं आम्ल उतरतं, आणि शार्दोनेत हे शेवटी शेवटी इतक्या भराभर होतं की थोड्या दिवसांत ताजेपणा जाऊन वाईन सुस्त होऊ शकते. साधारण २२ ते २४ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास, मणी चावून, बी तपकिरी झाली का बघून ठरवतात, आणि उष्ण भागात रात्री किंवा पहाटे तोडतात. घड आख्खेच्या आख्खे, देठासकट, हलक्या दाबानं पिळतात म्हणजे सालीतला तुरटपणा रसात येत नाही. रस थंड ठेवून गाळ बसू देतात आणि मग तो स्टीलच्या टाकीत किंवा ओकच्या लाकडी पिंपात आंबवतात. बर्गंडीचं पिंप २२८ लिटरचं, त्यात साधारण ३०० बाटल्या होतात.

पुढे तीन ठिकाणी करणाऱ्याचा हात दिसतो. पिंप नवं किती वापरायचं, नवं लाकूड व्हॅनिला, नारळ, भाजलेल्या सुक्या मेव्याचा वास देतं आणि जास्त झालं की बाग त्याखाली दबून जाते. दुसरं म्हणजे मॅलिक आम्लाचं बॅक्टेरियाकडून लॅक्टिक आम्ल होऊ द्यायचं का, ते झालं की आंबटपणा मऊ होतो आणि डायअसेटिल नावाचा पदार्थ तयार होऊन लोण्याचा वास येतो. तिसरं, तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टवर वाईन किती महिने ठेवायची आणि तो गाळ दांड्यानं ढवळायचा का, त्यानं तोंडात भरीवपणा येतो. काही वाईनमधे नुकत्याच ओढलेल्या काडीचा, म्हणजे माचिसचा वास येतो, तो गंधकाच्या संयुगांचा असतो, थोडासा असला तर फार छान लागतो. माझं मत विचाराल तर बागेचं नाव लेबलवर लावायचं असेल तर नवं लाकूड आवरूनच वापरावं, नाहीतर नाव बागेचं आणि चव सुताराची असं होतं.

चाखायची कशी? फ्रीजमधून काढल्या काढल्या प्याली तर काहीच कळत नाही, १० ते १३ डिग्रीला ती बोलायला लागते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ असताना ग्लासात ओतलेली वाईन बघता बघता तापते, म्हणून थोडी थोडी ओतायची, बाटली बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. ग्लास जरा रुंद पोटाचा. आधी न हलवता वास, मग फिरवून वास, मग एक घोट तोंडभर फिरवून. थंड भागातली असेल तर हिरवं सफरचंद, लिंबू, मधल्या हवेतली असेल तर नाशपाती आणि पीच, गरम भागातली असेल तर अननस, पिकला आंबा. मग बघायचं की आंबटपणा जिभेच्या कडेला किती वेळ टिकतो आणि घोट गिळल्यावर चव किती लांब चालते, चांगल्या बागेची खूण बहुतेक वेळा या लांबीतच सापडते. जमलं तर एकाच करणाऱ्याच्या, एकाच वर्षाच्या, दोन वेगळ्या बागांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखाव्या, हात तोच आणि वर्षही तेच असल्यामुळे जो फरक लागेल तो बागांचा.

जेवणात सावजी रस्सा आणि शार्दोने एकत्र नको, तिखटानं अल्कोहोल भडकतं आणि लाकडाचा कडवटपणा पुढे येतो. लोण्यात परतलेले झिंगे, कमी तिखटाचं मलई चिकन, पनीर, भाजलेलं मक्याचं कणीस, यांच्यासोबत ती खुलते.

ठेवण्याचं म्हणाल तर चांगल्या बागेची शार्दोने पाच-दहा वर्षं आरामात चढत जाते, तरी १९९० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या बर्गंडीच्या कितीतरी पांढऱ्या बाटल्या वेळेआधीच काळवंडून सफरचंदाच्या कापून ठेवल्यावर तपकिरी पडलेल्या फोडीसारख्या लागायला लागल्या, आणि त्यात बुचावरही संशय घेतला गेला. कुमेऊ रिव्हरनं २००१ पासून सगळ्या वाईनला स्क्रू कॅपच लावलं. विदर्भात तर उन्हाळाच सगळ्यात मोठा शत्रू, त्यामुळे एसी नसलेल्या दुकानात मे-जूनभर उभी असलेली बाटली घेऊ नये, घरी वाइन कूलर नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवावी आणि उघडल्यावर बूच लावून फ्रीजमधेच ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.