उचलल्यावर गप्प राहणारा फोन

फोन उचलला की पलीकडे शांतता, मग कट. ‘घरात कोणी आहे का, हे चोर तपासतात’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची झोप उडवतोय. बहुतेक वेळा हे काम कॉल सेंटरच्या ऑटो डायलरचं असतं. बरेच जण फोन उचलणारच नाहीत हे गृहीत धरून तो मोकळ्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त नंबर एकदम लावतो. अंदाजापेक्षा जास्त लोकांनी उचलला, की तुमच्याशी बोलायला तिथे कोणी उरतच नाही. अमेरिकेत टेलिमार्केटिंगच्या नियमांनी अशा सोडून दिलेल्या कॉलवर ३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. माझ्या मते तीही जास्तच. आपल्याकडे जाहिरातींचे नकोसे कॉल आले, तर १९०९ वर तक्रार करता येते.