आर्किटेक्चरच्या पोरांचं परदेशी वर्कशॉप आणि पैशाचा जुना घोळ

सध्या संभाजीनगर, लातूरकडची आर्किटेक्चरची पोरं परदेशातल्या डिझाइन वर्कशॉपचे फॉर्म भरायलेत. म्हणजे चार-पाच देशांची पोरं दोन-तीन आठवडे एका गावात राहतात आणि तिथल्याच एखाद्या चौकावर नाहीतर बंद पडलेल्या मिलवर मिळून डिझाइन करतात, ते. सिलेक्शन होतंय, अडतंय ते पैशापाशी. कॉलेज म्हणतं आमच्याकडं त्याचं हेडच (बजेटमधला खर्चाचा रकाना) नाही, सरकारी पोर्टलवर शोधावं तर कुठल्याच योजनेत हे बसत नाही. असं का झालं हे बघायला जरा मागं जावं लागतं.

खरं तर सरकारी खर्चाने आर्किटेक्ट बाहेर पाठवणं आपल्या भागाला नवीन नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १९३० च्या सुमाराला, उस्मानिया युनिव्हर्सिटीच्या इमारती बांधायच्या ठरल्या, तर सय्यद अली रझा आणि झैन यार जंग या दोघांना दरबाराने युरोप, अमेरिका, इजिप्त, तुर्कस्तान असं फिरून तिथल्या युनिव्हर्सिट्या बघून या म्हणून पाठवलं, त्यातनंच इजिप्तमध्ये काम करणारा बेल्जियन आर्किटेक्ट अर्नेस्ट जास्पर त्यांना गाठ पडला आणि १९३९ मध्ये आर्ट्स कॉलेजच्या त्या दगडी इमारतीचं उद्घाटन झालं. त्याच्याही आधी, १९२० च्या दरम्यान, अजिंठ्याची चित्रं वाचवायला त्याच राज्याने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे चित्रं दुरुस्त करणारे दोघं बोलावले होते. पैसा निघायचा, पण समोर एखादं ठरलेलं काम असलं की.

दुसरा रस्ता स्कॉलरशिपचा. परदेशात शिकायला पैसे देणारं टाटांचं एंडोमेंट (निधी) १८९२ चं, सयाजीराव महाराजांच्या मदतीने बाबासाहेब कोलंबियाला गेले ते १९१३ ला, आपल्या कोकणातले आर्किटेक्ट अच्युत कानविंदे यांना भारत सरकारने १९४५ मध्ये हार्वर्डला पाठवलं आणि ते ग्रोपिअस या नावाजलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली शिकून आले. पुढं केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, राज्याची राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्ती आली. या योजनांनी किती घरं वर आणली हे मराठवाड्यात कुणी कुणाला सांगायची गरज नाही. पण हे सगळं मास्टर्स नाहीतर पीएचडीसाठी, पूर्ण डिग्रीसाठी. बी.आर्क.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीला पंधरा दिवस जायचंय, असा रकानाच त्या फॉर्ममध्ये नाही.

आणि ही वर्कशॉपची पद्धत जिथं वाढली तिथं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला होता. १९५० च्या दशकात व्हेनिसला आर्किटेक्टांच्या समर स्कूल भरायच्या, मग १९७६ ला जानकार्लो दे कार्लो यांनी इटलीतल्या उर्बिनोत इलॉड नावाची लॅबोरेटरी काढली, वेगवेगळ्या देशातल्या युनिव्हर्सिट्यांनी आपले विद्यार्थी आणि मास्तर पाठवायचे आणि सगळ्यांनी मिळून एकाच जुन्या गावावर काम करायचं. १९८१ ला लिव्हरपूलला आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांनीच आपली युरोपियन असेंब्ली भरवली, १९८७ ला इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थी अदलाबदलीची योजना आली. सगळ्याच्या बुडाशी एक गोष्ट धरलेली असते, की पाठवणारा आपल्या पोराचा खर्च बघेल. तिथं ते चालतं, कारण ट्रेनने जाता येतं, शेंगेन करारातल्या युरोपच्या देशांत तिथल्या पोरांना आपापसात जायला व्हिसा लागत नाही आणि मागं युरोपियन युनियनची ग्रँट आहे. आपल्याकडनं कुणी जायचं म्हटलं की पाठवणारा कोण, इथंच गाडी अडते. भारतातली नासा ही आर्किटेक्चर विद्यार्थ्यांची संघटना १९५७ पासून आहे, पण तिच्या कन्व्हेन्शनलासुद्धा पोरं वर्गणी काढून, रेल्वेत मॉडेल सांभाळतच जात आली.

बाहेरची माणसं इकडं आणायला मात्र पैसे मिळत आलेत. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, त्यानंतर वर्ल्ड बँकेच्या मदतीने ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली, देशीपरदेशी संस्था, इंजिनिअर, अभ्यासक येऊन गेले. जनावरं आणि औतं ठेवायला जागा नसलेली घरं कशी बांधली गेली हा प्रश्न तिथली माणसं अजून विचारतात. २०१५ पासूनची केंद्राची ग्यान योजनाही परदेशी प्रोफेसर इथं बोलावण्यासाठीच.

मग लोक म्हणतात वाळूज-शेंद्र्याला एवढ्या कंपन्या आहेत, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकामाला द्यायच्या पैशातून, घ्या. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के त्यात घालावे लागतात हे बरोबर, पण २०२१ च्या नियमात भारताबाहेरची अॅक्टिव्हिटी सीएसआरमध्ये धरत नाहीत, अपवाद फक्त देशाकडून किंवा राज्याकडून खेळणाऱ्या खेळाडूंच्या ट्रेनिंगचा. त्यामुळं कंपनीतला साहेब कितीही चांगला असला तरी त्याचा सीए हात आखडता घेतो, आणि त्याचंही चुकत नाही.

आता खरी मजा कागदांची. शेतकरी घरातल्या पोराने फीची सवलत घेतलेली असते, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. आणि शेंगेन व्हिसाच्या फाईलमध्ये त्याच घराने दाखवायचं की आमच्याकडं पैसा आहे. व्हिसाची फी ९० युरो, ३०,००० युरो कव्हरचा इन्शुरन्स, बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न. शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही म्हणून बापाने रिटर्न कधी भरलेलंच नसतं. सोयाबीन-कापूस विकला की खात्यात एकदम रक्कम येते, आठ दिवसात दुकानदाराची उधारी आणि पीककर्ज भागवण्यात निघून जाते, स्टेटमेंट वाचणाऱ्याला वाटावं कुणीतरी चार दिवसांसाठी पैसे ठेवून काढून घेतले. मग सातबारा जोडायचा, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं. पासपोर्टचं तेवढं सोपं झालं, २०१७ नंतर पोस्टातच केंद्रं निघाली.

त्यातल्या त्यात चालतं ते असं, की बोलावणाऱ्या कॉलेजच्या पत्रात राहणं-जेवण आमच्याकडं असं स्पष्ट लिहून घ्यायचं, म्हणजे दाखवायची रक्कम कमी होते. वर्कशॉपची फी माफ होते का ते विचारायचं, बऱ्याचदा होते, पण कुणी विचारतच नाही. विमानाच्या तिकिटासाठी माजी विद्यार्थी थोडं थोडं जमवतात. काही कॉलेजं मदत करतातही, पण परत आल्यावर बिलं लावली की, आणि तिकीट तर आधी काढायचं असतं. म्हणून पहिला पैसा अजूनही मामाचा नाहीतर पतसंस्थेचाच असतो.