नव्या एस-क्लासकडून नागपूरकरांनी काय मागावं?

मर्सिडीजच्या एस-क्लासची नवी पिढी येणार म्हटलं की गाडीवेड्यांच्या मागण्या ठरलेल्या असतात. व्ही-८ इंजिन काढू नका, स्क्रीन कमी करा, बटणं परत द्या, २१ इंची चाकं द्या, पुढची जाळी आटोक्यात ठेवा. धरमपेठेतल्या टपरीवर हीच यादी ऐकू येते आणि जर्मनीतल्या चाहत्यांची यादीही फार वेगळी नसते. माझ्या मते नागपूरकरांची यादी वेगळी असायला हवी. आपला रस्ता वेगळा आहे, आपलं ऊन वेगळं आहे. त्या यादीतली पहिली मागणी असावी: सिमेंट रोडच्या सांध्यांवर चाकांचा जो टकटक ताल बसतो, तो ठेका अंगापर्यंत पोचू देऊ नका.

हा ठेका नागपुरात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. शहरातले कितीतरी रस्ते आता सिमेंटचे झालेत आणि नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही काँक्रीटचाच. काँक्रीट आकसतं तेव्हा वाटेल तिथे तडकू नये म्हणून त्यात मुद्दाम आडव्या खाचा, म्हणजे सांधे, पाडतात, साधारण दर साडेचार मीटरवर एक. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला जवळजवळ पाच सांधे चाकाखालून जातात. १२० च्या वेगाला हा आकडा सातच्या वर जातो. नेमकी इथेच पंचाईत आहे. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांपैकी सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त दाद देतं, कारण छाती-पोटातल्या अवयवांचं स्वतःचं हेलकावणं याच टप्प्यात येतं. यापेक्षा संथ किंवा जलद हादरे तेवढ्याच जोराचे असले तरी कमी टोचतात. म्हणजे सांध्यांमधलं अंतर आणि महामार्गावरचा वेग यांची गाठ अशी पडली आहे की शरीराच्या दुखऱ्या जागेवरच टकटक होत राहते.

त्यात ऊन भर घालतं. दुपारी स्लॅबचा, म्हणजे दोन सांध्यांमधल्या काँक्रीटच्या तुकड्याचा, वरचा थर तापून फुगतो, खालचा त्या मानाने थंड असतो, त्यामुळे स्लॅबचा मधला भाग किंचित वर येतो. पहाटे उलट होतं. वरचा थर आधी निवतो, आकसतो आणि कडा उचलल्या जातात. फरक मिलिमीटरांचाच, पण दर साडेचार मीटरला तो पुन्हा येतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर, एकाच गाडीत पहाटेचा प्रवास दुपारपेक्षा निराळा लागू शकतो.

यावरचा उपाय जुना आहे: मऊ स्प्रिंग. रस्त्याचा हादरा गाडीच्या स्वतःच्या झोक्यापेक्षा जितका जलद, तितका तो कमी वर पोचतो. म्हणून झोका शक्य तितका संथ हवा, सेकंदाला एखादाच. पण सेकंदाला एक झोका मिळवायचा तर गाडीच्या भाराखाली स्प्रिंग तब्बल २५ सेंटीमीटर दबलेली असावी लागते. दोन झोके चालणार असतील तर सहा-साडेसहा सेंटीमीटर पुरतात. एवढी मऊ पोलादी स्प्रिंग लावली आणि लग्नाला निघालेले पाच जण सामानासह बसले, की गाडीचं बूड स्पीडब्रेकरला घासलंच म्हणून समजा.

हवेच्या स्प्रिंगने हा तिढा सोडवला. भार वाढला की कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडीची उंची तेवढीच राहते आणि दाबाबरोबर स्प्रिंगचा ताठपणाही भाराच्या प्रमाणात वाढतो. एकटा ड्रायव्हर असो की पाच जण, झोका जवळपास तोच. सित्रोएनने १९५५ च्या डीएस गाडीत तेल आणि वायू यांची जोडी वापरली, मर्सिडीजने १९६१ मध्ये ३०० एसई गाडीला हवेचं सस्पेन्शन (चाकं आणि गाडीचं शरीर यांच्यामधली हादरे झेलणारी यंत्रणा) दिलं आणि १९९८ पासून ते एस-क्लासमध्ये रुळलं.

२०१३ च्या पिढीत आणखी पुढचं पाऊल पडलं. काचेमागचे दोन कॅमेरे समोरचा १५ मीटरपर्यंतचा रस्ता वाचू लागले आणि चाक उंचवट्यावर पोचायच्या आत सस्पेन्शन तयार राहू लागलं. २०२० च्या पिढीत, ज्यांनी तो पर्याय घेतला त्यांच्या गाडीत, ४८ व्होल्टच्या मोटरपंपांवर प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली करता येतं. बाजूने धडक बसणार असं दिसलं तर हीच यंत्रणा क्षणार्धात गाडीचं शरीर ८ सेंटीमीटरपर्यंत उचलते, म्हणजे मार दारावर कमी आणि खालच्या मजबूत चौकटीवर जास्त बसतो. मला ही कल्पना त्या सगळ्या गाडीतली सर्वांत सुंदर वाटते.

पण १२० च्या वेगाला १५ मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ, आणि सिमेंटचा सांधा काही मिलिमीटरचाच. प्रत्येक सांधा कॅमेऱ्याने टिपावा असा आग्रह धरण्यापेक्षा माझी मागणी अशी आहे की गाडीने ठेका ओळखावा. सांधे ठरावीक अंतरावर येतात. आठ-दहा सांधे चाकांनी अनुभवले की पुढचा कधी येणार हे संगणकाला काढता आलं पाहिजे आणि त्याच क्षणी उलट्या दिशेचा हलका धक्का देता आला पाहिजे. आवाज मारणारे हेडफोन नेमकं हेच करतात. रस्त्यावरच्या अचानक आलेल्या खड्ड्यापुढे हा हिशेब चालणार नाही, पण समृद्धीसारख्या शिस्तीच्या रस्त्यावर चालायला हवा.

म्हणूनच २१ इंची चाकांची मागणी मला पटत नाही. टायरची रुंदी २५५ मिलिमीटर धरली तर १८ इंची रिमवरच्या ५० सिरीजच्या (म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के असलेल्या) टायरची उभी भिंत सुमारे १२७ मिलिमीटर भरते, २१ इंची रिमवर ३५ सिरीजच्या टायरची उरते ८९. बारीक हादरे सर्वांत आधी ही रबराची भिंत गिळते. शिवाय मोठं रिम सहसा जड असतं, आणि चाक जड झालं की ते रस्त्याला धरून ठेवणं सस्पेन्शनला अवघड जातं. फोटोत भरलेलं चाक मागच्या सीटवरच्या माणसाला महाग पडतं.

उन्हाचं म्हणाल तर भर दुपारी दर चौरस मीटरवर जवळजवळ हजार वॉट उष्णता कोसळते आणि त्यातली सुमारे निम्मी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. काचेचं छप्पर द्यायचंच असेल तर अवरक्त किरण परतवणारा थर असलेलंच द्या. मी तरी पत्र्याचंच मागेन. टायरमध्येही उन्हाचा खेळ चालतो. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा दुपारच्या धावेत ७० अंशांवर गेली तर काटा ३९ च्या आसपास दिसतो. हे पाहून बरेच जण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात आणि तिथेच घात होतो. कमी हवेचा टायर जास्त मुरगळतो, जास्त तापतो आणि फुटायच्या जवळ जातो. तेव्हा डॅशबोर्डवर नुसता दाब नको, टायरचं तापमानही हवं, आणि थंड टायरला योग्य असलेली हवा गरम टायरमध्ये किती दिसेल हेसुद्धा गाडीनेच सांगावं.

बटणांच्या बाबतीत मी चाहत्यांच्या बाजूने आहे. १२० च्या वेगाला स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिलं तर गाडी ६७ मीटर आंधळी धावते.

कोट्यवधीची गाडी, तिच्याशी आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये आलं तेव्हा ते मोजक्याच लोकांना परवडणारं होतं. भारतात एप्रिल २०१९ पासून ते प्रत्येक नव्या कारला सक्तीचं झालं. या वाटेला चाळीस वर्षं लागली. सस्पेन्शनची ही हुशारी साध्या गाडीत येईल तेव्हा ती आपल्या रस्त्यांना उपयोगी पडावी, तर मागणी आतापासूनच करायला हवी.

टेस्ट ड्राइव्ह मिळाली तर डांबरी रस्त्यावर पिकअप बघून परत येऊ नका. गाडी सिमेंट रोडवर न्या, स्वतः मागे बसा आणि कंपनं मोजणारं एखादं फुकटचं ॲप सुरू करून मोबाइल सीटवर सपाट ठेवा. वेग ८० वर स्थिर ठेवायला सांगा. आलेखात पाच हर्ट्झजवळ, म्हणजे सेकंदाला पाच हादऱ्यांजवळ, टोक दिसलं की तो सांध्यांचा ठेका. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच सीटवर मोबाइल ठेवून दुसऱ्या कंपनीची गाडीही तपासा. ज्या गाडीत ते टोक बुटकं, तिचं सस्पेन्शन आपल्या रस्त्याला जास्त सरावलेलं.