फेवर ल्यूबा: स्वित्झर्लंडचं घड्याळ, मुंबईचं गिऱ्हाईक

डायलवर इंग्रजीत ‘फेवर ल्यूबा’ आणि आत चावीचं मशीन. आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे घड्याळ अजून कपाटाच्या खणात सापडतं. रोलेक्स नावाने माहीत असतं, हे मात्र मनगटावर असायचं. याचं कारण जुनं आहे.

कंपनी आपला जन्म १७३७चा सांगते. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावच्या एका कागदपत्रात अब्राहम फाव्र (आपण ‘फेवर’ म्हणतो ते हेच नाव) यांची घड्याळजी म्हणून नोंद आहे. म्हणजे तारीख माणसाच्या नोंदीची, ब्रँडची नव्हे. जोडनाव आलं ते पुढच्या शतकात, ल्यूबा घराणं भागीदार झाल्यावर. १८६०च्या दशकात फ्रिट्झ फाव्र मुंबईपर्यंत पोचले, इथे पेढी उघडली, आणि पुढची शंभर वर्षं हिंदुस्थान ही या घराण्याची हक्काची बाजारपेठ झाली.

खरी करामत १९६०च्या दशकातली. १९६२ साली ‘बिव्हॉक’ आलं: उंची सांगणारं पहिलं यांत्रिक मनगटी घड्याळ. आत हवा काढलेली पातळ धातूची बंद डबी. वर चढावं तसा हवेचा दाब घटतो, डबी फुगते आणि काटा सरकतो. बॅटरी नाही, काही नाही. १९६४ साली इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनात्ती यांनी आल्प्समधल्या ग्राँद जोरासच्या चढाईत तेच बांधलं होतं. १९६८मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी, खोली दाखवणारं ‘बॅथी’ निघालं. पण आपल्याकडे खपली ती साधी ‘सी चीफ’, ‘सी किंग’. लग्नात जावयाला द्यायला डोंगर मोजायची गरज नव्हती.

१९६९च्या नाताळात जपानच्या सेइकोने क्वार्ट्झ, म्हणजे चावीऐवजी बॅटरीवर चालणारं घड्याळ बाजारात आणलं आणि स्विस चावीवाल्यांचे दिवस फिरले. इकडे आयातीवर निर्बंध होते आणि १९६१पासून बंगळुरात एचएमटीची घड्याळं बनत होती. १९८०च्या दशकात फाव्र घराण्याच्या हातून कंपनी गेली. नंतर नाव हातोहात फिरत राहिलं. २०११मध्ये ते टाटांच्या टायटनने घेतलं आणि २०२३मध्ये घड्याळविक्रीतल्या भारतीय ‘इथॉस’च्या उपकंपनीने. पेढीच्या गिऱ्हाइकांच्या देशातच शेवटी मालक मिळाला!

जुनी घेणाऱ्यांनी मात्र जरा डोळे उघडे ठेवावेत. मुंबईत नव्याने रंगवलेल्या डायलची फेवर ल्यूबा ढिगाने विकली जातात. भडक निळा किंवा नारिंगी रंग दिसला की भिंग लावा. अक्षरं जाड, किंचित पसरलेली. मिनिटांच्या रेघा कडेच्या खुणांशी जुळत नाहीत. सहाच्या खाली ‘स्विस मेड’ एक तर वाकडं, नाही तर गायबच. आतलं मशीन मात्र बरेचदा अस्सल निघतं. चावी द्या, चालू लागेल.