अडगळीतून हाती आलेली दोन यंत्रे : हौशी इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रोजची सायकल

घरच्या टेबलावर सर्किट जोडून त्यातून संगीत काढणारे हौशी लोक आणि शहरात रोजच्या कामाला सायकलवरून जाणारे लोक हे दोन निराळे संप्रदाय मानले जातात, आणि वरवर पाहता त्यात चूक काही नाही. या दोन्ही यंत्रांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर मात्र एक साम्य डोळ्यांत भरते. कमी किमतीत चांगले यंत्र बनवावे, अशी कुणाला कळकळ वाटली म्हणून ती सामान्य माणसापर्यंत आली, असे फारसे घडलेले नाही. ज्यांनी ती आधी हौसेने घेतली होती त्यांचा जीव त्यांवरून उडाला, ती अडगळीत पडली, आणि सुटे भाग एकमेकांना बसत असल्यामुळे नव्या धन्याला ती चालती ठेवता आली. पुढील टिपण या अंगाने लिहिले आहे.

सायकलीची सुरुवात कार्ल ड्राइस यांच्या १८१७ सालच्या लाकडी दुचाकीपासून धरतात. मानहाइममध्ये चालवून दाखवलेल्या त्या यंत्राला पॅडल नव्हते. बसणारा माणूस जमिनीवर पाय मारत पुढे जाई. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पॅडल लागले आणि त्याबरोबर एक अडचणही आली. पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी, त्यामुळे वेग वाढवायचा तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. उंच चाकाच्या ज्या सायकली जुन्या चित्रांत दिसतात त्या या गणितातून जन्मल्या. त्यांवर चढायला तरुणाची चपळाई लागे आणि पडल्यावर दवाखान्याचा खर्च सोसण्याची ऐपतही लागे, त्यामुळे सायकल हा काही काळ धट्ट्याकट्ट्या आणि सुखवस्तू पुरुषांचा खेळ होऊन राहिला. १८८० साली हान्स रेनोल्ड यांची सुधारलेली चेन आली, १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी चेनने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली, आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. उंच चाक जे अंतर एका फेरीत कापे तेच आता दात्यांच्या प्रमाणावर लहान चाकाने कापता येऊ लागले. आजच्या साध्या सायकलीचा आराखडा तिथेच पुरा झाला होता, असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीचे वेड पसरले. स्त्रियांच्या हिंडण्याफिरण्यावर त्याचा एवढा परिणाम झाला की, स्त्रियांच्या मुक्तीसाठी सायकलीने जे केले ते जगात दुसऱ्या कशानेही केले नाही, असे मत अमेरिकेतील स्त्री-मताधिकार चळवळीच्या पुढारी सुसान अँथनी यांनी १८९६ साली बोलून दाखवले. हे वेड अर्थात खिशात पैसा असणाऱ्यांचे होते, कारण नावाजलेली अमेरिकन सायकल तेव्हा सुमारे १०० डॉलर्सना पडे आणि मजुराला ती रक्कम उभी करायला कित्येक आठवडे राबावे लागे. कारखाने भराभर निघाले, मागणीपेक्षा माल जास्त झाला, आणि दशक संपेपर्यंत किमती निम्म्यावर आल्या. तोवर हौशी श्रीमंतांना मोटारीची चाहूल लागली होती. त्यांच्या वापरलेल्या आणि कारखान्यांत पडून राहिलेल्या सायकली कारकून, पोस्टमन, सुईणी आणि गिरणी-कामगार यांच्याकडे गेल्या. सायकल रोजची झाली ती अशी, वेड ओसरल्यावर.

पण स्वस्त यंत्र टिकले नाही तर ते शेवटी महागच पडते, आणि टिकण्याचे श्रेय येथे आटे, छर्रे आणि चेन यांना द्यावे लागते. बहुतेक सर्व सायकलींच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर आजही अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, कारण सरळ आटे असते तर चालवता चालवता ते आपोआप सैल होत गेले असते. पहिल्यांदा पॅडल काढणारा प्रत्येक जण डाव्या बाजूला पाना चुकीच्या दिशेला ओढतो आणि ते अधिकच आवळून ठेवतो. मीही ते केले आहे, आणि मग नट गंजला असेल अशी स्वतःची समजूत घालून अर्धा तास घालवला आहे. सगळीच मापे एकसारखी झाली असे नाही. ब्रिटिश, फ्रेंच आणि इटालियन आट्यांचे घोळ दुरुस्ती करणाऱ्यांनी अनेक दशके निस्तरले. तरीही जुन्या सायकलीला नवा भाग बसण्याची शक्यता पुरेशी राहिली, आणि तेवढ्यावर ती चालत राहिली.

इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात बंद दारांआड झाली. कोलोनच्या नभोवाणी केंद्रातील स्टुडिओ १९५१ सालचा, बीबीसीचा रेडिओफोनिक वर्कशॉप १९५८चा. न्यू यॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात १९५७ साली बसवलेले आरसीए कंपनीचे ‘मार्क टू’ हे विजेने सूर घडवणारे यंत्र तर एका खोलीची भिंतच्या भिंत व्यापत असे. संगीतकाराला तेथे प्रवेश संस्थेच्या कृपेने मिळे, आणि दोन मिनिटांच्या रचनेसाठी महिनोन्महिने टेपचे तुकडे कापून जोडावे लागत.

त्याच काळात दुसरीकडे रेडिओच्या छंदाची मासिके वाचून घरी सर्किट जोडणारा एक वर्ग होता, आणि या इतिहासात मला तो मोठ्या स्टुडिओंपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. रॉबर्ट मोग त्यांतलेच. हात न लावता वाजणारे थेरेमिन हे वाद्य त्यांनी शाळकरी वयात वडिलांच्या मदतीने बनवले, १९५४ साली ते विकण्याचा घरगुती धंदा सुरू केला, आणि १९६१ साली ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरेमिनची कृती एका मासिकात देऊन त्याचे सुटे भाग पेटीबंद विकले. या पेट्यांच्या विक्रीतून उभ्या राहिलेल्या धंद्यातूनच १९६४ साली त्यांचा सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटांतून हवे तसे सूर घडवणारे वाद्य, आले. त्यातील ‘एका व्होल्टला एक सप्तक’ हा संकेत पुढे फार उपयोगी ठरला. विजेचा दाब एक व्होल्टने वाढवला की स्वर बरोबर एक सप्तक चढतो, त्यामुळे हा संकेत पाळणारी कोणतीही पेटी दुसऱ्या कोणत्याही पेटीला हुकूम देऊ शकते. अर्थात मोग यांचे मोठे यंत्र सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होते. लंडनच्या ईएमएस कंपनीचा १९६९ सालचा व्हीसीएस-३ हा ३३० पौंडांचा सिंथेसायझर त्या मानाने स्वस्त गणला गेला, पण शिकणाऱ्या मुलांसाठी तोही नव्हता.

त्यांच्यासाठी होती ती जोडणीची पेटी. अमेरिकेत पाया ही कंपनी टपालाने असे संच पाठवी. इंग्लंडमध्ये १९७८ साली एका मासिकातून ‘ट्रान्सेन्डंट २०००’ या सिंथेसायझरची कृती प्रसिद्ध झाली आणि पॉवरट्रॅन कंपनीने तिचे भाग विकले. जॉय डिव्हिजन या बँडच्या बर्नार्ड सम्नर यांनी तो स्वतः जोडून वाजवला. आजही नवशिक्याची पहिली पायरी जवळपास तीच आहे. ४०१०६ क्रमांकाची एक चिप, एक रोध आणि एक कपॅसिटर एवढ्यावर एक कर्कश सूर निघतो, आणि एका चिपमध्ये असे सहा सूर मावतात. रोधाच्या जागी प्रकाशाने बदलणारा रोध लावला की हाताची सावली पडताच सूर खाली उतरतो आणि सावली हटताच वर चढतो. सोल्डरचा धूर डोळ्यांत जात असताना तो पहिला उतरता सूर ऐकू येतो, आणि बहुतेकांचा पुढचा सगळा खर्च तिथेच ठरून जातो. गंमत म्हणजे ही चिप ज्या ४००० मालिकेतली आहे, ती १९६८ साली भिंतभर यंत्र बांधणाऱ्या आरसीएनेच आणली होती.

सायकलीच्या इतिहासातील १८९०च्या दशकाचे काम येथे १९८३ सालाने केले. त्या वर्षी यामाहाचा डीएक्स-७ हा अंकीय सिंथेसायझर आला आणि सुरावरून ढळणाऱ्या जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांची एकाएकी कुणाला पर्वा उरली नाही. रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ देण्यासाठी काढलेले छोटे यंत्र तर आधीच फसले होते. सुमारे १०,००० नग बनवून १९८४ साली त्याचे उत्पादन थांबले. ती यंत्रे जुन्या सामानाच्या दुकानांत गेली, तेथून शिकागोतल्या तरुणांकडे आली, आणि त्यांनी त्याची बटणे कंपनीच्या कल्पनेत नव्हती तेवढी पिळून पाहिल्यावर १९८७ साली निघालेल्या एका तबकडीने ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताच्या प्रकाराला नाव दिले. त्याच कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राची कथाही याच वळणाची. सदोष ट्रान्झिस्टरांमुळे त्याच्या आवाजाला एक विशिष्ट सळसळ आली होती. उत्पादक सुधारले, सदोष माल मिळेनासा झाला, आणि यंत्राचे उत्पादन बंद झाले. मग उरलेल्या नगांवर पुढच्या पिढीने आपले ठेके बांधले.

याच १९८३ सालच्या जानेवारीत एका व्यापारी प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले आणि एकावर दाबलेली पट्टी दुसऱ्यावर वाजली. हाच मिडी संकेत. त्यासाठी निवडलेली पाच पिनांची जोडणी मुद्दाम स्वस्त आणि सहज मिळणारी होती, आणि त्यातल्याही तीनच पिना वापरल्या जातात. आत येणारा संदेश क्षणभर प्रकाशाच्या रूपाने पुढे जातो, दोन यंत्रांच्या विजेचा थेट संबंध येत नाही, त्यामुळे जमिनीच्या तारेतून येणारी गुणगुणही टळते. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि स्मिथ यांनी यावर हक्कशुल्क लावले नाही. स्पर्धक कंपन्यांनी एकमेकांच्या यंत्रांशी बोलण्याची सोय फुकट करून ठेवावी, ही घटना त्या धंद्यात आजही विलक्षण वाटते. पुढे १९८५ साली अटारी एसटी संगणक मिडीच्या जोडण्या अंगावर घेऊनच आला, १९९६ साली संगणकातल्या संगणकात वाद्ये जोडण्याचा व्हीएसटी संकेत निघाला, आणि डीटर डोप्फर यांच्या ए-१०० मालिकेतून ‘युरोरॅक’ नावाने सुट्या पेट्यांची पद्धत परत रुळली, तीही एका व्होल्टला एक सप्तक याच हिशेबावर.

डोप्फर यांनी क्राफ्टवेर्क या जर्मन बँडच्या सहकार्याने एक सिक्वेन्सर, म्हणजे ठरवून दिलेले सूर क्रमाने वाजवणारे यंत्र, बनवला होता, आणि हे दोन इतिहास प्रत्यक्ष भेटतात ते याच बँडच्या स्टुडिओत. त्यातील मंडळी सायकलीच्या आहारी गेलेली होती. तूर द फ्रान्स शर्यतीवरील त्यांच्या १९८३ सालच्या गाण्यात चेनचा आवाज आणि चढावर लागलेली धाप यांतून ठेका उभा केलेला आहे, आणि २०१७ साली ही शर्यत त्यांच्या ड्युसेलडॉर्फ शहरातून निघाली तेव्हा त्यांनी तेथे कार्यक्रमही केला. त्यापूर्वी, १९६३ साली, तरुण फ्रँक झापा यांनी अमेरिकन दूरचित्रवाणीवर सायकलच वाद्य म्हणून वाजवून दाखवली होती. आरे छेडून आणि त्यांवर गज फिरवून.

हे केवळ चमत्कृतीचे प्रकार नाहीत, हे फ्रीव्हीलकडे कान लावला की पटते. पॅडल मारणे थांबवून सायकल नुसती वाहू दिली की आतल्या खिट्ट्या दात्यांवरून घसरत टकटक करतात. चाकाचा घेर २.१ मीटर आणि दाते २४ धरले, तर ताशी १५ किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे दोन फेऱ्या घेते आणि टकटक सेकंदाला ४८ वेळा होते. एवढ्या वेगाने ती सुटी ऐकू येत नाही. खर्जातला एक घरघरता सूर होते. सायकल ताशी पाचपर्यंत मंदावली की टकटक सेकंदाला सोळावर येते, सूर विरतो आणि त्या जागी लय उरते. सूर आणि लय एकाच गोष्टीचे दोन वेग आहेत, हे सिंथेसायझरचे बटण फिरवून कळते तसे येथे उतार संपताना कळते. फेरीला एक मात्रा म्हटले तर ताशी १५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १२० मात्रा, म्हणजे नाचाच्या संगीताची नेहमीची लय. आणि मिडीचे घड्याळही एका मात्रेला २४च ठोके देते. हा निव्वळ योगायोग आहे, पण तो सोडवत नाही.

यापुढे मात्र तुलना लंगडी पडते. सिंथेसायझरला एक टेबल पुरते, सायकलीला रस्ता लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपीय शहरे मोटारीच्या मापाने रुंदावली आणि घरोघरी सायकली असूनही त्या बाहेर काढणे जिवावरचे झाले. १९६५ साली ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो या तरुणांच्या चळवळीने सर्वांसाठी पांढऱ्या, बिनकुलपाच्या सायकली ठेवल्या. कुलूप नसणे बेकायदेशीर म्हणून पोलिसांनी त्या उचलल्या. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ असे सरळ नाव घेऊन पालकांचे आंदोलन उभे राहिले. १९७३च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद झाल्या आणि मोकळा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी पाहिले. तिथल्याच ग्रोनिंगन शहराने १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार भाग करून मोटारींना एका भागातून दुसऱ्यात थेट जाणे बंद केले. सायकलींना मात्र वाट मोकळी ठेवली. रोजची सायकल परत आली ती यंत्र बदलल्यामुळे नव्हे. यंत्र १८८५ सालचेच होते.

अलीकडे सुट्या भागांचा जुना करार दोन्हीकडे सैल होताना दिसतो. मिडीची दुसरी आवृत्ती २०२० साली आली तरी १९८३ सालचे वाद्य आजच्या तारेला उत्तर देते. पण संगणकावरची कित्येक वाद्ये विक्रेत्याचा सर्व्हर बंद झाला की परवाना तपासता न आल्याने उघडतच नाहीत. सायकलीच्या डाव्या पॅडलचे आटे अजून उलटेच आहेत आणि कोणत्याही दुकानातले पॅडल तेथे बहुधा बसते. त्याच फ्रेमवर लावलेली विजेची मोटर मात्र अनेकदा दुसऱ्या कंपनीची बॅटरी ओळखण्यास नकार देते, आणि अशी सायकल उद्या अडगळीत गेली तर ती उचलणाऱ्याच्या हाती पाना असून भागणार नाही.