सायकलीचे लवचीक दिवे

वाकवता किंवा गुंडाळता येणाऱ्या प्रकाशपट्टीपासून बनवलेले सायकलीचे दिवे. पट्टी सीटखालच्या दांडीला, चाक धरणाऱ्या चिमट्याला, हेल्मेटला किंवा पाठीवरच्या सॅकला तिच्या वळणानुसार बसते.

झिंक सल्फाइडच्या भुकटीला विद्युत्क्षेत्रात ठेवले की ती उजळते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज देस्त्रिओ यांनी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये दाखवले. पुढे याच तत्त्वावर चमकणारी तार निघाली. तिला उच्च व्होल्टेजचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह लागतो, म्हणून बॅटरीसोबत बारीक गुणगुणणारा इन्व्हर्टर बाळगावा लागतो. प्रकाशही मंद असतो. शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात तो हरवतो.

आज चलती आहे ती एलईडी पट्टीची. पॉलिइमाइड या उष्णता सहन करणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर तांब्याचे मार्ग कोरलेले असतात. सीओबी (चिप ऑन बोर्ड) प्रकारात त्यांवर आवरण नसलेल्या चिप्स दाटीने बसवून वर फॉस्फर (प्रकाशाचा रंग बदलणारी भुकटी) मिसळलेल्या सिलिकोनचा एकच थर देतात. त्यामुळे सुटे ठिपके न दिसता सलग रेघ उजळते.

या रेघेतच दिव्याची खरी उपयुक्तता आहे. अंधारात लाल ठिपका जवळचा मंद आहे की लांबचा प्रखर, हे मागच्या चालकाला कळत नाही. रेघेची लांबी मात्र जवळ येताना वाढत गेल्यासारखी दिसते, त्यामुळे अंतराचा अंदाज येतो. प्रकाश मोठ्या पृष्ठभागावर पसरल्याने डोळेही कमी दिपतात, आणि वळवून बसवलेली पट्टी बाजूनेही दिसते. चौकात हे फार मोलाचे आहे.

पुढच्या दिव्यासाठी मात्र ही पट्टी कामाची नाही. रस्त्यावर झोत टाकायला भिंग किंवा परावर्तक लागतो आणि त्याच्या केंद्राशी लहान, प्रखर स्रोत लागतो. लांब पट्टीचा प्रकाश तसा एकवटत नाही. शिवाय सिलिकोन व फिल्म उष्णता नीट वाहून नेत नाहीत, म्हणून प्रवाह कमीच ठेवावा लागतो. खड्डे दाखवणारा दिवा वेगळाच हवा.

पट्टी एकदा वाकवून पक्की बसवली तर टिकते. रोज काढघाल केली, की बहुधा डाख दिलेल्या जागी तडा जातो. पाणीही बरेचदा वायर आत शिरते तिथूनच झिरपते; पावसाळ्यात ती जागा आधी तपासावी.

नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत सायकलीवर लुकलुकणारा दिवा चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून तो चालतो, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा, एकसारख्या अंतराने लुकलुकणारा.